अनुदान द्यावं का? आधी ते कशाला बांधलंय ते बघा

तुम्ही एका दमात तीन प्रश्न विचारलेत: शेतकऱ्यांना सरकारी अनुदान द्यावं का, बाकीच्या धंद्यांना मिळत नसताना त्यांनाच का, आणि न्यूझीलंडने केलं तसं उद्या सगळं बंद केलं तर काय होईल. शेतीचं अर्थशास्त्र शिकवण्यात आणि शेतीकर्जाची प्रकरणं वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार. मत आधीच सांगून टाकतो: द्यावं. पण जगभर आज या नावाखाली जे वाटलं जातं त्यातलं बरंचसं माझ्या हातात असतं तर मी बंद केलं असतं.

मधला प्रश्न पटकन संपवू. बाकीच्या धंद्यांना काही मिळत नाही, हे खरं नाही. करमाफी, स्वस्त जमीन, आयातशुल्काची भिंत हे कारखान्यांना सगळीकडे मिळतं. २००८-०९ मध्ये अमेरिकेने बँका वाचवल्या आणि जनरल मोटर्ससारखी कंपनीही वाचवली. तेव्हा 'त्यांनाच का' याला नैतिक प्रश्न म्हणून फारसा दम नाही. आर्थिक प्रश्न म्हणून मात्र तो चांगला आहे.

शेतीची मुख्य अडचण अशी की माणसाचं पोट ठरावीक मापाचं असतं. धान्याचा भाव निम्मा झाला म्हणून कोणी दुप्पट जेवत नाही. मोबाइल स्वस्त झाले की जास्त खपतात आणि कंपनीची भरपाई होते. धान्याचं तसं होत नाही. म्हणून पुरवठा थोडा वाढला की भाव फार पडतो, आणि सगळ्यांना भरघोस पीक आलेलं वर्ष सगळ्यांचंच उत्पन्न खातं. हे काही नवं ज्ञान नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ग्रेगरी किंग या आकडेतज्ज्ञाच्या नावाने याचीच उलटी बाजू मांडली गेली होती: पीक थोडं कमी आलं तर भाव किती पटीने चढतो. त्यात भर म्हणजे भाव पडताना दिसल्यावर कारखाना एक पाळी बंद ठेवू शकतो, पेरलेलं शेत मात्र परत घेता येत नाही. फळबाग असेल तर आजचा माल हा कित्येक वर्षांपूर्वीच्या निर्णयाचा असतो.

विलर्ड कॉक्रन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९५८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. नवं बियाणं किंवा यंत्र आलं की पहिले घेणारे कमावतात. मग सगळेच ते घेतात, उत्पादन वाढतं, भाव उतरतो आणि नफा नाहीसा होतो. उशिरा येणाऱ्याला फक्त टिकून राहण्यासाठी तेच तंत्र घ्यावं लागतं. म्हणजे शेतकऱ्याच्या हुशारीचा फायदा शेवटी बहुतांशी खाणाऱ्याला मिळतो. खाणाऱ्याने कराच्या रूपाने त्यातला काही भाग परत करावा, यात मला काही गैर वाटत नाही.

इथपर्यंत बरेच जण सहमत होतात. गाडी पुढे बिघडते, कारण अनुदान ज्याला बांधाल तिकडे जातं. शेतकऱ्याच्या नावाने काढलेला पैसा शेतकऱ्याकडे राहीलच असं नाही.

भावाला बांधलं तर उत्पादन वाढतं, मग ते कोणाला हवं असो वा नसो. युरोपचं सामायिक कृषी धोरण १९६२ मध्ये सुरू झालं, तेव्हा युद्धातल्या टंचाईची आठवण ताजी होती आणि हमी भाव हा शहाणपणाचा उपाय होता. वीस वर्षांत गोदामांमध्ये लोण्याचे डोंगर साठले. ते खपवायला निर्यात अनुदान द्यावं लागलं, त्या स्वस्त मालाने गरीब देशांतल्या शेतकऱ्यांचे भाव पाडले, आणि शेवटी १९८४ मध्ये दूध कमी काढा म्हणून कोटे लावावे लागले. ते कोटे २०१५ पर्यंत चालले. सौदी अरेबियाचं उदाहरण तर थक्क करणारं आहे. वाळवंटात गहू पिकवायला सरकारने जागतिक भावाच्या कितीतरी पट दर दिला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा देश गहू निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांत मोजला जाऊ लागला. तो गहू पिकला हजारो वर्षांपूर्वी जमिनीखाली साठलेल्या पाण्यावर, जे पुन्हा भरून येत नाही. २००८ मध्ये देशी खरेदी टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरलं आणि २०१६ पर्यंत ती थांबली. पाणी गेलं ते गेलंच.

खतावर किंवा विजेवर अनुदान दिलं तर तीच वस्तू गरजेपेक्षा जास्त वापरली जाते. इथे मी सरसकट विरोध करणार नाही. मलावीत २००५च्या दुष्काळानंतर सरकारने मदत देणाऱ्या परदेशी देणगीदारांचा विरोध असताना खतावर आणि बियाण्यावर सवलत दिली, आणि पुढच्या काही हंगामांत मक्याचं पीक खरोखर वाढलं. ज्या जमिनीत खत जवळजवळ पडतच नव्हतं तिथे पहिल्या पोत्याचा परिणाम मोठा असतो. पण अशी योजना सुरू करणं सोपं आणि संपवणं फार अवघड. मलावीच्या शेतीवरच्या सरकारी खर्चाचा मोठा भाग नंतर तिच्यातच अडकला, रस्ते आणि कृषी विस्ताराला, म्हणजे शेतकऱ्याला नवं तंत्र शिकवण्याच्या कामाला, थोडंच उरलं. उलट जिथे वापर आधीच भरपूर आहे तिथे काय होतं ते भारतात दिसतं. २०१० मध्ये पोषणद्रव्यांनुसार अनुदान आलं, पण युरिया त्यातून वगळला. स्फुरद आणि पालाश देणारी खतं महागली, नत्र देणारा युरिया स्वस्तच राहिला आणि जमिनीत नत्राचा मारा आणखी एकांगी झाला. शेतकऱ्याने चूक केली असं मी म्हणणार नाही. त्याच्यासमोर जे भाव ठेवले त्यांना धरून त्याने व्यवहारच केला.

आणि जमिनीला बांधलं तर? हा सर्वांत फसवा प्रकार, म्हणून यावर थोडा रेंगाळतो. हेक्टरी ठरावीक रक्कम दिली की पीक काय घ्यायचं त्याचं स्वातंत्र्य राहतं, उत्पादन फुगत नाही, कागदावर सगळं छान दिसतं. युरोपने २००३च्या सुधारणेत हाच रस्ता धरला. पण दर वर्षी पैसे आणणाऱ्या जमिनीची किंमत वाढते, खंडही वाढतो. खंडाने कसणाऱ्याच्या हातात आलेली रक्कम पुढच्या करारात मालकाकडे सरकते. जिथे रक्कम थेट मालकाच्याच खात्यात जाते तिथे तर कसणाऱ्याला तिचं दर्शनही होत नाही. शिवाय ज्याची जमीन जास्त त्याला रक्कम जास्त: युरोपात थेट मदतीचा सुमारे ८० टक्के भाग सुमारे २० टक्के लाभार्थ्यांकडे जातो, हा आकडा तिथल्या चर्चेत कायम असतो. लहान शेतकऱ्याचा फोटो पुढे करून मोठ्याचं खातं भरायचं, हे इतकं उघड क्वचितच दिसतं.

याचा पुढचा पेच गॉर्डन टलक या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये मांडला. सवलतीचा फायदा ती सुरू होताना ज्याच्याकडे जमीन किंवा परवाना असतो त्यालाच होतो. तो ती वाढलेल्या किमतीला विकतो. विकत घेणारा पुढचा माणूस सवलतीची किंमत आधीच मोजून बसलेला असतो, त्याला साधा नफाही जेमतेम मिळतो, आणि ती काढली की तो कर्जासकट बुडतो. कॅनडातल्या दूध कोट्यांचं, म्हणजे ठरावीक दूध विकण्याच्या परवान्यांचं, असंच झालंय. नव्या माणसाला गाईंपेक्षा कोटाच महाग पडतो. कर्जाच्या फाइलींत मला हा माणूस पुन्हा पुन्हा भेटला आहे, आणि त्याची कणव येते. अनुदानाने तो श्रीमंत झालेला नसतो, तरी ते काढलेलं त्याला परवडत नाही.

आता ज्याकडे अनुदानविरोधक आणि समर्थक दोघेही काणाडोळा करतात ते. कित्येक गरीब देशांत सरकार शेतकऱ्याला देतं त्यापेक्षा जास्त त्याच्याकडून काढून घेतं. ॲन क्रूगर, मॉरिस शिफ आणि आल्बेर्तो वाल्देस या अर्थतज्ज्ञांनी १८ विकसनशील देशांचा १९६० ते १९८५ या काळातला हिशेब केला, तेव्हा निर्यातकर, सरकारी मक्तेदारी खरेदी आणि फुगवलेला चलनदर मिळून शेतीवर सरासरी सुमारे ३० टक्क्यांचा अदृश्य कर बसत होता. घानात कोकोची खरेदी सरकारी मंडळाकडे होती आणि शेतकऱ्याला जागतिक भावाचा छोटा हिस्सा मिळे. लोकांनी माल चोरून शेजारच्या देशात नेला, झाडं लावायचं सोडलं, आणि कोकोत जगात पहिला असलेला देश १९७०च्या दशकाच्या अखेरीस आयव्हरी कोस्टच्या मागे पडला. भारतात शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी 'उणे सबसिडी' म्हणत ती हीच. ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेच्या मोजणीत आजही भारतीय शेतकऱ्याला मिळणारा एकूण आधार बहुतेक वर्षी उणे येतो, कारण निर्यातबंदी आणि साठामर्यादेने पाडलेला भाव खत-विजेच्या सवलतीहून मोठा भरतो. एका हाताने भाव पाडायचा आणि दुसऱ्याने स्वस्त खत द्यायचं, याला मदत म्हणायला मी तयार नाही. पहिला हात आवरला तर दुसऱ्याची गरज बरीच कमी होईल.

मग द्यायचं ते कशावर? एकट्या शेतकऱ्याला जे विकत घेता येत नाही त्यावर. गुरांचा बुळकांडी रोग २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. ते काम कोणा एका पशुपालकाला किंवा लस विकणाऱ्या कंपनीला झेपणारं नव्हतं. त्यामागे सरकारांचा आणि आंतरराष्ट्रीय संस्थांचा पैसा होता आणि फायदा एका गाईवाल्यालाही झाला. जे बियाणं शेतकरी घरी राखून पुन्हा पेरू शकतो त्याच्या संशोधनात खासगी कंपनीला रस नसतो, तिथेही सरकारच हवं. दुष्काळाच्या विम्याला आधार द्यावा, कारण दुष्काळ एकाच वेळी सगळ्यांना गाठतो आणि खासगी विमा कंपनी एकटी तो धोका घ्यायला कचरते. पण मोठ्या शेतांचा हप्ता अमर्याद भरू नये. अमेरिकेत सरकार सरासरी सुमारे ६० टक्के हप्ता भरतं आणि त्याला उत्पन्नाची कमाल मर्यादा नाही. त्यामुळे नांगरायला नको अशी जमीनही नांगराखाली येते. आणि गरिबी हाच प्रश्न असेल तर पैसा माणसाला द्या, सातबारा न बघता. त्यात शेतमजूरही येतो, जो शेतीच्या बहुतेक सगळ्या योजनांबाहेर उभा असतो.

राहिला न्यूझीलंडचा मुद्दा. १९८४ मध्ये तिथे जवळपास सगळी मदत काढली, तेव्हा मेंढपाळांच्या उत्पन्नाचा मोठा भाग सरकारी होता. दर दहातलं एक शेत बुडेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे १ टक्का शेतकऱ्यांना सोडावं लागलं. मेंढ्या ७ कोटींवरून पुढच्या दशकांत ३ कोटींच्या खाली आल्या आणि त्याच जमिनीवर दूध, द्राक्षं, हरणं आली. हे खरं आहे, पण अर्धंच सांगितलं जातं. त्याच काळात आयातशुल्क उतरवल्याने यंत्रं आणि निविष्ठा स्वस्त झाल्या, मार्च १९८५ मध्ये चलन मोकळं सोडलं, कर्जं पुनर्रचित करून काही भाग माफ केला आणि शेती सोडणाऱ्याला निरोपाची रक्कम दिली. तरी पहिली दोन-तीन वर्षं जमिनीच्या किमती कोसळल्या आणि व्याजदर भयंकर होते. शिवाय तिथली शेतं मोठी, मालकीची आणि निर्यातीला सरावलेली. जिथे एक-दोन हेक्टरवर घर चालतं, निर्यात केव्हा बंद होईल याचा नेम नाही आणि शेती सोडून जायला दुसरा रोजगार नाही, तिथे हा क्रम उलटा लावावा लागेल: आधी भाव पाडणारे निर्बंध उठवा, मग काही वर्षं ठरवलेल्या उतरत्या दराने खत-विजेची सवलत कमी करत तेवढीच रक्कम थेट कसणाऱ्याला द्या, आणि तारखा आधीच जाहीर करा, म्हणजे पुढची जमीन किंवा पंप घेताना त्याला हिशेब करता येईल.