लॅपटॉपवर मेल सरळ, फोनवर उलटेसुलटे: बिघाड फोनमध्ये नाही

पहिलं सांगतो: बाबांचा फोन बदलू नका आणि दुकानदार म्हणतोय म्हणून रिसेट तर मुळीच मारू नका. फोन बरोबर वागतोय. सर्व्हर त्याला जी तारीख देतोय तीच तो दाखवतोय. ती तारीख मेल हलवताना बिघडलेली आहे.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. भोसरीच्या वर्कशॉपचं २०१३ पासूनचं मेल जुन्या होस्टिंगवरून (मेल ठेवायला भाड्यानं घेतलेला सर्व्हर) नव्यावर आणलं. आऊटलुकमध्ये दोन्ही खाती उघडली आणि रोज संध्याकाळी एकेक वर्षाचे मेल निवडून इकडून तिकडे ओढले, आधी अलीकडची वर्षं, मग जुनी. लॅपटॉपवर सगळं ओळीनं दिसतं. बाबांच्या आयफोनवर मात्र २०१३ ची कोटेशनं वर आणि मागच्या महिन्यातल्या परचेस ऑर्डरी कुठे तरी खोल खाली. धाकट्या भावाच्या अँड्रॉइडवर 'फक्त एक महिन्याचे मेल' असं सेटिंग असूनही फोन भरत आलाय. ही दोन वेगळी दुखणी वाटतात, पण मूळ एकच आहे.

प्रत्येक मेलला दोन तारखा असतात. एक पाठवणाऱ्याच्या मशीननं मेलच्या आत, हेडरमध्ये लिहिलेली. दुसरी मेलच्या आत नसतेच. ती सर्व्हर स्वतःकडे ठेवतो, हा मेल माझ्या पेटीत कधी आला म्हणून. आयमॅप म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून फोन, लॅपटॉप सगळीकडे दाखवायची पद्धत; तिच्या भाषेत या तारखेला इंटर्नल डेट म्हणतात. आपल्याकडच्या ऑफिसात पत्रावर लिहिलेली तारीख वेगळी आणि आवक विभागाचा शिक्का वेगळा, तसंच हे. रोजच्या व्यवहारात दोन्हींत काही सेकंदांचा फरक असतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ऑफिस हलवताना नव्या जागेच्या कारकुनानं सगळ्या जुन्या फायलींवर आजचा शिक्का मारला, की मग घोळ होतो.

आऊटलुकनं नेमकं तेच केलंय. एका खात्यातला मेल दुसऱ्या आयमॅप खात्यात टाकायचा म्हणजे नव्या सर्व्हरला 'हा मेल जमा करून घे' असा हुकूम द्यायचा. त्या हुकमात मूळ शिक्क्याची तारीख सांगायची सोय आहे, पण सक्ती नाही. सांगितली नाही तर सर्व्हरनं आत्ताची वेळ लावायची, असा नियमच आहे. आऊटलुकनं ओढलेल्या मेलच्या बाबतीत हेच झालेलं मी वारंवार पाहिलंय. तुम्ही २०१३ सगळ्यात शेवटी ओढलंत, म्हणून त्याचा शिक्का सगळ्यात ताजा आणि म्हणून ते सगळ्यात वर. बाबांच्या फोनवरचा क्रम नीट पाहिलात तर तो तुम्ही कुठल्या संध्याकाळी काय ओढलंत त्याचाच क्रम निघेल.

आयफोनचं मेल ॲप शिक्क्यावरून ओळ लावतं, आणि क्रम बदलायचं सेटिंग त्यात नाही. लॅपटॉपवरचं आऊटलुक मेलच्या आतली तारीख दाखवतंय, म्हणून तिथे सगळं आलबेल. भावाच्या फोनचंही आता कळेल. आयमॅपमध्ये 'अमुक तारखेनंतरचे मेल दे' हा नेहमीचा शोध शिक्क्यावर चालतो. आतल्या तारखेवर शोधायचं तर वेगळा शब्द आहे. शिक्का गेल्या पंधरवड्यातला असल्यामुळे तुमचं सगळं दप्तर त्या फोनच्या लेखी 'या महिन्यातलं' आहे. तो बिचारा इमानेइतबारे उतरवून घेतोय.

माझ्यावर विश्वास ठेवून कामाला लागू नका, आधी खात्री करा. नव्या होस्टिंगवर सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) आहे म्हणालात, म्हणजे वेबमेलला, ब्राउझरमधून मेल बघायला, राऊंडक्यूब असेल. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये उघडा. यादीच्या पर्यायांमध्ये क्रम कशावर लावायचा ते विचारतं, त्यात 'पाठवल्याची तारीख' आणि 'आल्याची तारीख' हे दोन वेगळे पर्याय आहेत. पाठवल्याची निवडली की ओळ सरळ आणि आल्याची निवडली की बाबांच्या फोनसारखा गोंधळ, असं झालं तर निदान पक्कं. मग एखादा जुना मेल उघडून त्याचा सोर्स (हेडरसकट मूळ मजकूर) बघा. डेट या शब्दापुढे 'मंगळवार, १४ मार्च २०१७, १०:२२:३१, +०५३०' अशा धर्तीची ओळ दिसेल (ते +०५३० म्हणजे आपली वेळ). ती शाबूत असेल तर काहीही हरवलेलं नाही. तिच्याच वर रिसीव्ह्ड नावाच्या दोन-चार ओळी असतात. वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरनं टाकलेली नोंद. त्याही जुन्याच असतील. बिघडलाय तो फक्त बाहेरचा शिक्का.

दोन्ही पर्यायांत ओळ सरळच आली, तर गोष्ट वेगळी. मग आयफोनच्या मेल सेटिंगमध्ये थ्रेडिंग (एका संभाषणाचे मेल एकत्र दाखवणं) बघा. 'ऑर्गनाइझ बाय थ्रेड' चालू असेल तर जुन्या संभाषणाला कुणी आज उत्तर दिलं की अख्खं संभाषण वर येतं, आणि लोकांना वाटतं क्रम बिघडला. पण सगळ्या मेलवर एकाच पंधरवड्याची तारीख दिसणं हे थ्रेडिंगचं काम नाही, त्यामुळे तुमच्याकडे तो प्रकार नसावा.

आता उपाय. आज संध्याकाळी पाच मिनिटांत करण्यासारखं एक आहे आणि बऱ्याच जणांचं काम तेवढ्यावर भागतं: राऊंडक्यूबमध्ये पाठवल्याच्या तारखेनं ओळ लावा, नवं होस्टिंग सुरू व्हायच्या आधीचे सगळे मेल निवडा आणि 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये हलवा. शिक्के चुकीचेच राहतील, पण बाबांच्या इनबॉक्समध्ये फक्त नवे मेल उरतील आणि ते बरोबर क्रमानं. शेवटच्या एक-दोन महिन्यांतलं काही प्रलंबित असेल तर ते 'चालू' अशा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. जुनं काही लागलं तर बाबा तसंही फोनवर पार्टीचं नाव टाकून शोधतात ना? मग खरं सांगायचं तर इथे थांबलात तरी चालेल. दहा-बारा वर्षांच्या कोटेशनांचा क्रम फोनवर सरळ असणं ही गरज आहे की हौस, ते घरात एकदा ठरवा.

हौस नसून गरज असेल, तर पुढचं वाचा. आणि त्याआधी जुन्या होस्टिंगचं खातं आणखी एका महिन्यासाठी चालू ठेवा. महिनाअखेरीला बंद होतंय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण माझ्या मते तुमच्या अख्ख्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. खरे शिक्के आता फक्त तिथेच आहेत. मेल पोहोचले म्हणून लोक जुनं खातं लगेच बंद करतात आणि तारखांचं लक्षात येतं तेव्हा परतीची वाट उरलेली नसते.

सरळ रस्ता म्हणजे शिक्के जपणाऱ्या साधनानं मेल पुन्हा आणणं. आयमॅपसिंक (एका आयमॅप खात्यातून दुसऱ्यात मेल आणणारा प्रोग्रॅम) हे त्यातलं जुनंजाणतं. ते मूळ सर्व्हरवरची इंटर्नल डेट आपणहून पुढे कळवतं, त्यासाठी वेगळं काही सांगावं लागत नाही. पण एक खोच आहे जी पुष्कळांना छळते. ते आधी बघतं की हा मेल पलीकडे आहे का. असेल तर सोडून देतं. तुमच्या नव्या खात्यात सगळे मेल आधीच आहेत, त्यामुळे तसंच चालवलंत तर ते रात्रभर फिरेल, 'सगळं जागेवर आहे' म्हणेल आणि शिक्के होते तसेच राहतील. ठेवलेल्या मेलची इंटर्नल डेट बदलायचा हुकूम आयमॅपमध्ये नाही. मेल नव्यानं जमा करणं हाच मार्ग. म्हणजे ओढून आणलेली प्रत आधी नव्या खात्यातून काढायची, मग सिंक चालवायचा.

काढायची म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि यायलाच हवा. म्हणून आधी नव्या खात्याची एक प्रत हार्ड डिस्कवर घ्या. नवं होस्टिंग सुरू झाल्यानंतर आलेले मेल जुन्या खात्यात नाहीत हे विसरू नका. ते 'नवे' अशा वेगळ्या फोल्डरमध्ये हलवून ठेवा. एकाच सर्व्हरवर फोल्डर बदलला तर शिक्का सहसा तोच राहतो, त्यामुळे त्यांना धक्का लागणार नाही. मग एकच लहानसा फोल्डर घ्या, 'बँक' किंवा 'जीएसटी' असा काहीतरी, आणि त्याच्यावर पूर्ण प्रयोग करा: नव्यातून काढा, सिंक करा, राऊंडक्यूबमध्ये आल्याच्या तारखेनं ओळ लावून बघा, बाबांच्या फोनवर बघा. तो जमला तरच पुढचे. प्रत्यक्ष काही न हलवता फक्त काय होईल ते दाखवणारी कोरडी फेरीही आयमॅपसिंकमध्ये आहे, ती आधी मारा.

गुरुवारी भोसरीत सुट्टी म्हणून काम गुरुवारीच काढाल, पण देखभालीसाठी वीज जायची तीही बहुधा गुरुवारीच. बुधवारी रात्री सुरू करा. मध्येच बंद पडलं तर घाबरायचं कारण नाही. पुन्हा चालवलं की आलेले मेल सोडून राहिलेले आणतं. आणि दोन्ही खात्यांचे पासवर्ड कुठल्या अनोळखी 'फ्री मायग्रेशन' साइटवर टाकू नका. स्वतःच्या मशीनवर चालवा किंवा ओळखीच्या माणसाकडून करून घ्या.

हे सगळं नको वाटत असेल तर नव्या होस्टिंगच्या सपोर्टला लिहा. 'फोनवर मेल नीट दिसत नाहीत' असं लिहिलंत तर ते फोन रिसेट करायला सांगून तिकीट बंद करतील. असं लिहा: 'आयमॅपनं आणलेल्या मेलची इंटर्नल डेट स्थलांतराच्या दिवसाची झाली आहे. मेल मेलडिर पद्धतीनं साठवले असतील तर फाइलींची बदल-वेळ प्रत्येक मेलच्या डेट हेडरप्रमाणे लावून द्यावी आणि डव्हकॉटच्या इंडेक्स-कॅश फाइली नव्यानं बनवाव्यात.' याचं कारण असं की डव्हकॉट हा मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम मेलडिरमध्ये शिक्क्याची वेगळी वही ठेवत नाही. प्रत्येक मेल म्हणजे एक फाइल, आणि त्या फाइलीची बदल-वेळ म्हणजेच इंटर्नल डेट. ती फाइलीवर बदलता येते, मग मेल काढा-घाला काही नको. एमडीबॉक्स पद्धत (एकाच फाइलीत अनेक मेल) असेल तर ही युक्ती चालत नाही. तुमच्या पोस्टखाली ज्यांनी विचारलंय की 'आमच्या होस्टिंगवाल्यानं फाइलीच कॉपी केल्या, आऊटलुकचा संबंधच नाही, तरी असंच झालं', त्यांचंही उत्तर हेच: कॉपी करताना फाइलींच्या वेळा जपल्या नाहीत.

जुनं खातं खरंच बंद झालेलं असेल अशांसाठी: आयमॅपसिंकमध्ये 'आयडेट फ्रॉम हेडर' असा पर्याय आहे. तो मेलच्या आतली तारीख उचलून तिचाच शिक्का करतो. मेल नव्या फोल्डरमध्ये किंवा रिकाम्या दुसऱ्या खात्यात आणायचे. मूळ शिक्क्याइतकं अचूक नाही, कारण पाठवणाऱ्याचं घड्याळ चुकीचं असेल तर ती चूक सोबत येते. जुन्या वर्कशॉपांमधल्या, मदरबोर्डची बॅटरी मेलेल्या पीसीवरून आलेले मेल हमखास भलत्याच वर्षात जाऊन बसतात. कुठे '१ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच' दिसलं तर दचकू नका. संगणकाचं शून्य ग्रीनिच वेळेच्या मध्यरात्रीचं, आपल्याकडे तेव्हा साडेपाच. तारीख सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. असे मोजके असतात, ते तसेच सोडा.

फोनला हात सगळ्यात शेवटी लावायचा. मेल पुन्हा आणले असतील तर सर्व्हर त्यांना नवे क्रमांक देतो आणि फोन आपोआप नव्यानं वाचतो. सपोर्टनं फाइलींच्या वेळा बदलल्या असतील तर क्रमांक तेच राहतात, त्यामुळे फोनला बदल झाल्याचं कळतच नाही आणि तो आधी साठवलेली तारीख दाखवत राहतो. तेव्हा खातं फोनवरून काढून पुन्हा जोडावं लागतं. काढण्याआधी दोन गोष्टी बघा: खातं आयमॅपच आहे ना, पॉप नाही (पॉप म्हणजे मेल फोनवरच उतरवून घेणारी पद्धत; ती असेल तर फोनवरचे मेल खात्याबरोबर जातील), आणि आऊटबॉक्समध्ये न गेलेला मेल अडकलेला नाही ना. भावाच्या अँड्रॉइडवर थंडरबर्ड किंवा के-नाईन हे मेल ॲप टाकलंत तर तिथे 'तारीख' आणि 'आगमन' असे दोन वेगळे क्रम निवडता येतात, म्हणजे त्याला दुरुस्तीपर्यंत थांबायचंही कारण नाही. जागा भरण्याचं दुखणं मात्र शिक्के सुधारल्यावरच जाईल.

सेंट फोल्डर तुम्ही ओढला होता का ते लिहिलेलं नाही. ओढला असेल तर त्याचीही तीच गत असणार. बाबांना कळलं नसेल कारण ते तो उघडत नसतील. तुमचे सीए मात्र उघडायला लावतील. प्रयोगाचा फोल्डर झाला की त्यातल्या एखाद्या मेलची पाठवल्याची आणि आल्याची तारीख इथे टाका, आणि नवं होस्टिंग मेलडिर वापरतं की एमडीबॉक्स तेही विचारून ठेवा.