मुलींच्या कॉलेज टीमची वॉटर पोलो आणि स्विमिंग कोच म्हणून करिअर होऊ शकतं का? अमेरिकेतले यशस्वी कोच नेमकं काय वेगळं करतात?

तू लिहिलंयस की सेकंड इयरला आहेस, युनिव्हर्सिटीकडून ब्रेस्टस्ट्रोक पोहतेस, यंदा वॉटर पोलोच्या टीममध्येही घेतलं आणि आता स्वतः पोहण्यापेक्षा ज्युनियर मुलींना शिकवण्यात जास्त मन लागतंय. तुला तू म्हणतेय, चालेल ना, माझ्या सकाळच्या बॅचच्या मुली तुझ्याच वयाच्या आहेत. मी पण युनिव्हर्सिटी खेळलेय आणि आता सोळा वर्षं टँकवर शिकवतेय, अमेरिकेत काम केलेलं नाही, पण तिकडच्या मॅचेस रात्र रात्र जागून बघितल्यात आणि एका कोचचं करिअर तर मी अभ्यासासारखं वाचलंय, त्याच्यावरूनच सांगते.

आधी तिकडचं गणित समजून घे. १९७२ साली तिकडे टायटल नाइन नावाचा कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजला खेळातसुद्धा मुलींना डावलता येणार नाही असा, आणि त्याच्यामुळे मुलींच्या टीम्स वाढत गेल्या. तरी मुलींच्या वॉटर पोलोची एनसीएए (तिकडच्या कॉलेजांच्या खेळांची संघटना) चॅम्पियनशिप सुरू व्हायला २००१ उजाडलं, म्हणजे बघ. मोठ्या युनिव्हर्सिटीत स्विमिंगचा कोच वेगळा, पोलोचा वेगळा. पण कॅलिफोर्नियातली जी छोटी दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजेस असतात ना, तिथे पावसाळा संपल्यावर आपल्याकडे जे दिवस असतात तेव्हा मुलींचा पोलोचा सीझन आणि जानेवारीनंतर स्विमिंगचा, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी एकच कोच दोन्ही बघतो, टँक तोच, आणि अर्ध्याअधिक मुलीही त्याच. तू विचारलेली नोकरी खरी तिथे आहे.

आता तो कोच. अ‍ॅडम क्रिकोरियन. यूसीएलए म्हणजे लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीकडून खेळला, १९९५ ला खेळाडू म्हणून चॅम्पियन झाला, मग तिथेच कोच झाला आणि मुलं आणि मुली दोन्ही टीम्स सांभाळल्या. मुलांचा सीझन संपला की लगेच मुलींचा, म्हणजे वर्षभर काठावरच. मुलींच्या टीमने २००५ ते २००९ सलग पाच वर्षं नॅशनल टायटल जिंकलं, आणि २००७ चं जे टायटल होतं ते यूसीएलएचं सगळ्या खेळांत मिळून शंभरावं. बास्केटबॉलसाठी एवढी गाजलेली युनिव्हर्सिटी आणि शंभरावा कप आणला पोलो खेळणाऱ्या मुलींनी, हे मी माझ्या मुलींना दरवर्षी सांगते. २००९ ला त्याला अमेरिकेच्या महिला टीमचा कोच केलं. तोपर्यंत या टीमला ऑलिम्पिक गोल्ड कधीच मिळालं नव्हतं, २००० ला सिडनीत फायनल शेवटच्या सेकंदाला ४-३ ने ऑस्ट्रेलियाकडे गेली, २००४ ला ब्रॉन्झ, २००८ ला परत फायनलमध्ये नेदरलँड्सकडून ९-८. त्याच्या हाताखाली २०१२, २०१६ आणि टोकियो अशी सलग तीन गोल्ड आली.

पण मला तुला मेडल्स मोजून दाखवायची नाहीयेत, मला २०१२ ची लंडनची सेमीफायनल सांगायचीय. ऑस्ट्रेलियाविरुद्ध अमेरिका ९-८ ने पुढे, घड्याळात एक सेकंद शिल्लक, आणि क्रिकोरियनने टाइमआउट मागितला. तेव्हा बॉल त्याच्या टीमकडे नव्हता! तुला माहीत असेलच की बॉल आपल्याकडे नसताना टाइमआउट मागितला की समोरच्यांना सरळ पेनल्टी मिळते. ऑस्ट्रेलियाने गोल केला, ९-९. चार वर्षांची मेहनत, आणि चूक कोणाची तर कोचची, अख्ख्या जगासमोर. मी टीव्हीसमोर उभी राहिले होते, मला वाटलं आता या मुली कोसळणार, कारण इतक्या जवळ येऊन हरायची त्यांच्या टीमला जणू सवयच लागलेली. एक्स्ट्रा टाइम झाला, तेव्हा तीन-तीन मिनिटांचे दोन भाग असायचे, आणि मुलींनी मॅच ११-९ ने काढली. मग फायनलला स्पेनला ८-५ ने हरवलं, त्यातले पाच गोल एकोणीस वर्षांच्या मॅगी स्टेफन्सचे.

मी ती मॅच परत परत बघितलीय. माझ्या मते त्या माणसाचं खरं काम त्या सहा मिनिटांत दिसलं, कारण तेव्हा त्याचा शब्द मुलींच्या काही उपयोगाचा नव्हता, तो स्वतःच चुकलेला होता, आणि पाण्यात काय करायचं हे त्यांचं त्यांना येत होतं. हे काय एका दिवसात येत नाही गं, रोजच्या प्रॅक्टिसला मुलींना स्वतः ठरवायला लावलं असेल तरच येतं.

माझं उलट झालं होतं. नवीन कोच होते तेव्हा, एका टूर्नामेंटला मी पूर्ण मॅच काठावरून ओरडत होते, डावीकडे जा, मागे ये, पास दे, आणि चौथ्या क्वार्टरला माझा आवाज ऐकून आमच्या गोलकीपरने मान वळवून माझ्याकडे बघितलं, तेवढ्यात बॉल आत. एका गोलने हरलो. ती पोरगी माझीच माफी मागत होती आणि मला कळत होतं की तिला सारखं माझ्याकडे बघायची सवय मीच लावलीय. तेव्हापासून आठवड्यातला एक दिवस मी शिट्टी खिशात ठेवते, टीम मुलीच पाडतात, खेळ मुलीच थांबवतात, फाउल त्याच देतात, मी फक्त लिहून घेते आणि शेवटी विचारते की तो पास तिकडे का दिलास. पहिले दोन महिने नुसता गोंधळ होता, भांडणं सुद्धा. मग हळूहळू मुली पाण्यात एकमेकींशी बोलायला लागल्या, आणि मॅचमध्ये माझ्याकडे बघणं कमी झालं.

आता पोहणं आणि पोलो एकत्र शिकवायचं म्हणजे काय, इथे बऱ्याच जणांची गडबड होते. पोलोत बॉल बघायचा म्हणून डोकं वर काढून फ्रीस्टाइल मारावी लागते, डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, आणि पूर्ण सीझन तसं केलं की नंतर रेसमध्ये मुलीचं टायमिंग पडलेलं दिसतं, मग आई-बाबा विचारायला येतात. म्हणून पोलोच्या सीझनमध्येही रोज थोडे लॅप डोकं पाण्यात ठेवूनच मारून घ्यायचे, यात सूट नाही. पाय मात्र वेगळेच लागतात. तळाला पाय न टेकवता अख्खी मॅच उभं राहायचं, त्यासाठी एगबीटर, दोन्ही पाय आळीपाळीने आत फिरवायचे, ताक घुसळताना रवी कशी आधी इकडे मग तिकडे फिरते तसं. गुडघ्यावर आणि मांडीच्या सांध्यावर खूप ताण येतो, म्हणून मी एकदम वाढवत नाही. आणि इथे तुझा फायदा आहे, ब्रेस्टस्ट्रोकवाल्या मुलींना ही किक सगळ्यात लवकर जमते, पायाचा पंजा बाहेर वळवायची सवय आधीच असते ना.

यावरून सँडी निट्टा आठवतात. पंधराव्या वर्षी १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला ब्रेस्टस्ट्रोक पोहल्या, मग पोलोकडे वळल्या, आणि १९८० ते १९९४ अमेरिकेच्या महिला टीमच्या कोच होत्या. महिलांचा पोलो ऑलिम्पिकमध्ये आला २००० साली. म्हणजे ती सगळी वर्षं त्यांनी अशा मुली तयार केल्या ज्यांच्यासाठी ऑलिम्पिकचं दारच उघडलेलं नव्हतं. पुरुषांचा पोलो १९०० पासून होता तिथे. मला क्रिकोरियनइतकंच त्यांचं करिअर यशस्वी वाटतं, कदाचित जास्तच.

आणि पुढचंही ऐकून ठेव. २०१६ ला रिओत स्पर्धा सुरू होता होता क्रिकोरियनचा भाऊ हार्ट अटॅकने गेला. क्रिकोरियन घरी कॅलिफोर्नियाला गेला आणि टीमसाठी परत आला. ऑलिम्पिकमध्ये कोचला मेडल देत नाहीत, तर फायनल जिंकल्यावर मुलींनी आपापली मेडल्स काढून त्याच्या गळ्यात घातली. टोकियोत ग्रुपमध्ये हंगेरीकडून १०-९ ने हरले आणि तरी फायनल स्पेनला १४-५ ने हरवून जिंकली. पॅरिसला २०२४ मध्ये मात्र सेमीफायनल पेनल्टी शूटआउटमध्ये गेली, ब्रॉन्झची मॅच एका गोलने गेली, चौथा नंबर, हातात काही नाही. एवढ्या मोठ्या कोचच्या वाट्याला हेही येतं.

आपल्याकडे? १९५१ च्या दिल्लीच्या पहिल्या एशियन गेम्समध्ये वॉटर पोलोचं गोल्ड भारताचं होतं, त्यामुळे हा खेळ आपला नाही असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. पण नोकरीचं खरं सांगते, फक्त मुलींच्या पोलोवर घर चालवणारी कोच मी अजून बघितलेली नाही. स्विमिंगच्या बॅचेसवर पैसे मिळतात, आणि त्यातून वाचलेल्या वेळात पोलो उभा करावा लागतो. तू ग्रॅज्युएशन पूर्ण कर, लाइफ सेव्हिंगचा कोर्स आत्ताच करून टाक म्हणजे सुट्टीत टँकवर काम मिळेल, आणि मग एनआयएसच्या (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स, कोच तयार करणारी सरकारी संस्था) स्विमिंग कोचिंगच्या डिप्लोमाचा फॉर्म भर, त्यासाठी तुझी युनिव्हर्सिटीची सर्टिफिकेट्स नीट जपून ठेव. आणि आमच्याकडच्या बऱ्याच टँकसारखा तुमचाही एका बाजूला उथळ असेल तर प्रॅक्टिस फक्त खोल बाजूलाच लाव, खेळायची जागा लहान झाली तरी चालेल, पाय टेकवायची सवय लागली की मोडत नाही.

ज्या ज्युनियर मुलींना शिकवतेस त्यांच्यात एखादी अशी बघ जी पाण्यातून दुसऱ्या मुलींना हाक मारते. ती सापडली की इथे खाली लिही, तिच्याकडून काय काय करून घ्यायचं ते आपण सविस्तर बोलू.