दुखणे थांबले, तरी मांडी पुन्हा का दुखावली?

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा खो-खो खेळतो. पळती करताना त्याच्या उजव्या मांडीच्या मागे टचकन कळ आली. तीन आठवडे पूर्ण विश्रांती, शेक आणि तेलाने चोळणे झाले. दुखणे थांबल्यावर तो मैदानात उतरला आणि चौथ्याच दिवशी त्याच जागी पुन्हा दुखापत झाली. स्पर्धा सहा आठवड्यांवर आहे. काय करावे?
— एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : दुखणे थांबणे आणि स्नायू खेळायला तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेगाने पळताना, पाऊल जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी, पुढे फेकला गेलेला पाय आवरण्यासाठी हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) ताणलेल्या अवस्थेतच मोठा भार पेलतो आणि बहुधा त्याच क्षणी दुखावतो. विश्रांतीत नेमकी हीच ताकद घटते. (घरोघरी विश्रांतीचाच सल्ला मिळतो, तेव्हा आपण स्वतःला दोष देऊ नये.)

सुरुवातीचे दोन-तीन दिवस पाय जपावा, चोळू मात्र नये. मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, वेदना वाढणार नाही इतपत, चालणे आणि स्नायू लांबवत भार पेलण्याचे व्यायाम सुरू करावेत. स्वीडनमधील फुटबॉलपटूंच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे व्यायाम करणारे खेळाडू सरासरी २८ दिवसांत, तर नेहमीचे व्यायाम करणारे ५१ दिवसांत पूर्ण सरावाकडे परतले. साथीदाराने घोटे धरलेले असताना, गुडघ्यांवर उभे राहून कंबर न वाकवता शरीर सावकाश पुढे झुकवण्याचा ‘नॉर्डिक’ व्यायाम नंतरच्या टप्प्यात घ्यावा आणि बरे वाटल्यावरही सोडू नये, कारण एकदा दुखावलेला हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावण्याचा धोका मोठा असतो.

पळणे हळू वेगापासून टप्प्याटप्प्याने वाढवावे. हुलकावण्या, झटकन वळणे आणि खांबावर सूर मारणे सर्वांत शेवटी. दाबल्यावर दुखत नाही, ताकद दुसऱ्या पायाच्या जवळपास आली आहे आणि पूर्ण वेगाने पळताना मनात धास्ती उरलेली नाही, एवढे झाल्याशिवाय सामना खेळू देऊ नये. उताणे झोपून, गुडघा सरळ ठेवून पाय झटक्याने वर उचलताना तो कचरत असेल, तर अजून थांबावे, मग दुखत नसले तरीही.

दुखापत दुसऱ्यांदा झाली असल्याने आधी अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा क्रीडावैद्यकतज्ज्ञांना दाखवावे. मांडीवर मोठा काळानिळा डाग असेल, चालणे कठीण जात असेल किंवा बसायच्या हाडापाशी तीव्र वेदना असेल, तर कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) तुटला नाही ना, हे एमआरआय करून पाहावे लागेल. सहा आठवडे पुरतील की नाही, हे त्या तपासणीनंतरच सांगता येईल.