एम६ए खरंच वाढलं, की एम१ए चंच एम६ए झालं?

तुमची आकडेवारी पाहून राहवलं नाही, हा घोळ फार ओळखीचा आहे. तुम्ही एचईके२९३ या मानवी पेशींना सीसीसीपी (मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्याचा विभव पाडणारं रसायन) दिलं, एकूण आरएनए एन्झाइमने न्यूक्लिओसाइडपर्यंत पचवून मास स्पेक्ट्रोमीटरवर टाकला, तर एम६ए वाढलं आणि एम१ए जवळपास तेवढंच घटलं. दोन्ही म्हणजे आरएनएतल्या ॲडेनोसिनवरची मिथाइलची खूण, फक्त एकात ती एन६ वर आणि दुसऱ्यात एन१ वर. त्यात कंट्रोलचं डायजेशन एका दिवशी आणि सीसीसीपीवाल्यांचं दुसऱ्या दिवशी. 'मायटोकॉन्ड्रियाच्या ताणात पेशी एम६ए वाढवतात' असं लिहायची घाई करू नका. क्रोमॅटोग्राम (कोणता रेणू स्तंभातून कधी बाहेर पडला त्याचे आलेख) मी पाहिलेले नाहीत, तेव्हा हा फक्त संशय समजा. पण दाट संशय.

एक जितकं वाढतं तितकंच दुसरं घटत असेल तर आधी डिमरॉथ पुनर्रचनेकडे बघायचं. अल्कधर्मी द्रावणात एम१ए चं वलय उघडतं आणि पुन्हा मिटताना एम६ए होऊन बसतं, एन्झाइमची गरजच नाही. पीएच १० च्या वर, ६० अंशांना तासाभरात बहुतेक एम१ए उलटतं. पीएच ८ ला वेग बराच कमी असतो, पण शून्य नसतो, आणि तापमान वाढवलं की तोही वाढतो. आरएनए तोडणाऱ्या न्यूक्लिएज पी१ ची पायरी आम्लधर्मी असते, ती निर्धोक. घात होतो पुढच्या, फॉस्फेट काढणाऱ्या फॉस्फटेजच्या पायरीत. लोक ती पीएच ८ च्या वर रात्रभर ठेवतात आणि एन्झाइम मारायला नळी तापवतात. तापवू नका. १० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून गाळा, बफर पीएच ७.५ च्या आसपास ठेवा, वेळ कमीत कमी द्या आणि ऑटोसॅम्पलर (यंत्रात नमुने टोचणारा भाग) ४ अंशांवर ठेवा. कंट्रोल आणि ताण दिलेले नमुने एकाच दिवशी, आलटून पालटून चालवा.

दोघांचं वस्तुमान एकच, मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तुटताना २८२ वरून १५० वर जाणं, हे संक्रमणही एकच. वेगळेपण फक्त स्तंभातून बाहेर पडण्याच्या वेळेत. नेहमीच्या सी१८ स्तंभावर एम१ए आधी येतं. म्हणून नुसता गुणोत्तरांचा तक्ता हातात आला तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही. काही विश्लेषण केंद्रं कच्च्या फायली मागूनही देत नाहीत, 'आमचा प्रोटोकॉल प्रमाणित आहे' एवढं ऐकवतात. अशा ठिकाणी पुढचा नमुना पाठवूच नये, हे माझं स्पष्ट मत.

तपासणी सोपी आहे. शुद्ध एम१ए न्यूक्लिओसाइड, सोबत आरएनए न घालता, त्याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. एम६ए चं शिखर दिसलं तर चोर सापडला. शिवाय प्रत्येक नमुन्यात एम१ए आणि एम६ए ची बेरीज करा. ती स्थिर असेल आणि वाटणीच बदलत असेल, तर जीवशास्त्र शोधण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, एकूण आरएनएवर एम६ए मोजून एमआरएनएबद्दल (प्रथिनांचा संदेश वाहणाऱ्या आरएनएबद्दल) बोलता येत नाही. त्यात ८० टक्क्यांच्या आसपास रायबोसोमचा आरआरएनए असतो आणि त्यातल्या १८एस व २८एस या दोन्ही रेणूंवर एम६ए आहे. एम१ए तर मुख्यतः टीआरएनएच्या (अमिनो आम्ल आणून देणाऱ्या आरएनएच्या) ५८ व्या जागेवरून येतं. पॉली-ए निवड (शेपटीवरून एमआरएनए वेगळा काढणं) दोनदा करा, तरी उरलेला आरआरएनए मोजाच.

ताणाचाच प्रश्न असेल तर मी टीआरएनएच्या ३४ व्या, म्हणजे कोडॉन वाचणाऱ्या भागातल्या, जागेकडे वळेन. मायटोकॉन्ड्रियातल्या ल्यूसिनच्या एका टीआरएनएवर (एमटी-टीआरएनए ल्यूसिन-यूयूआर) तिथे टॉरीनयुक्त युरिडीन असतं. मेलास या मायटोकॉन्ड्रियाच्या आजारातल्या ३२४३ ए ते जी या डीएनए-बदलात ते गायब होतं, यूयूजी कोडॉन नीट वाचला जात नाही आणि एनडी६ या प्रथिनाचं भाषांतर मंदावतं. या टॉरीनच्या खुणेला एक कार्बन पुरवण्यात सेरीनवर काम करणाऱ्या एसएचएमटी२ या एन्झाइमचा हात असतो. मायटोकॉन्ड्रियाच्या ताणात प्रथिनांची एक साखळी चालते: ओएमए१ डीईएलई१ ला कापतं, एचआरआय जागं होतं, ईआयएफ२अल्फावर फॉस्फेट बसतं, जनुकं चालू करणारं एटीएफ४ वाढतं, आणि एसएचएमटी२ चं जनुक एटीएफ४ च चढवतं. इथे मोजण्यासारखं काहीतरी हाती लागू शकतं. फक्त मायटोकॉन्ड्रिया वेगळे केल्यावर बाहेर चिकटलेला आरएनए आरएनएज ए ने आधी साफ करा, आणि मायटोकॉन्ड्रिया फोडण्यापूर्वी ते एन्झाइम धुऊन काढा, नाहीतर पेशीद्रव्यातले टीआरएनएच मोजत बसाल.

जाता जाता, सीसीसीपी सीरममधल्या अल्ब्युमिनला चिकटतं. सीरम १० टक्क्यांवरून १ टक्का केलं तर तीच मात्रा कितीतरी जड पडते. त्यामुळे मात्रेसोबत सीरमचं प्रमाणही लिहा, आणि पडद्याचा विभव खरोखर किती पडला ते टीएमआरएम या विभव दाखवणाऱ्या रंगाने बघून मगच नमुना घ्या.