एलडॅपशिवाय अनेक लिनक्स सर्व्हरवर खात्यांच्या फाइली सुरक्षितपणे कशा पोहोचवाव्यात?

आपल्याकडे डेबियन या लिनक्स प्रकाराचे दहा-बारा सर्व्हर आहेत, एलडॅपचा (सगळी खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवण्याच्या पद्धतीचा) व्याप नको आहे, आणि मुख्य सर्व्हरवरच्या पासडब्ल्यूडी (खात्यांची यादी), ग्रुप (गटांची यादी) व शॅडो (पासवर्डची माहिती) या फाइली रोज रात्री आरसिंक या प्रती पाठवणाऱ्या प्रोग्रामने सगळीकडे जशाच्या तशा टाकल्या तर चालेल का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नाही असे आहे.

डेबियनमध्ये 100 ते 999 हे यूआयडी (खात्यांचे क्रमांक) सेवांच्या खात्यांना पॅकेज बसवताना जसे मोकळे सापडतील तसे दिले जातात, त्यामुळे पोस्टग्रेस या डेटाबेसचे खाते एका सर्व्हरवर 114 तर दुसऱ्यावर 118 असू शकते. फाइल सरसकट बदलली, तरी डिस्कवरील डेटाची मालकी 118 याच आकड्याकडे राहते. नव्या यादीत तो आकडा दुसऱ्याच एखाद्या सेवेचा असला, तर पोस्टग्रेस सुरू होण्यास नकार देतो आणि त्या परक्या सेवेला मात्र डेटा वाचता येतो.

म्हणून सिस्टमची खाती ज्या त्या सर्व्हरवरच राहू द्यावीत आणि फक्त माणसांची खाती पाठवावीत. त्यासाठी डेबियनमध्ये ‘लिबएनएसएस-एक्स्ट्रायूजर्स’ हे पॅकेज आहे. ते ‘व्हार’खालील ‘लिब’मधल्या ‘एक्स्ट्रायूजर्स’ या डिरेक्टरीतून फाइली वाचते. खात्यांची माहिती कुठून घ्यायची हे ठरवणाऱ्या एनएसस्विच फाइलीत पासडब्ल्यूडी, ग्रुप आणि शॅडो या ओळींवर ‘फाइल्स’नंतर ‘एक्स्ट्रायूजर्स’ असे लिहिले की पुरे. मात्र 500 पेक्षा लहान क्रमांक ते जाणूनबुजून दुर्लक्षित करते, म्हणजे रूटचे (मुख्य प्रशासकाचे) अधिकार देणारा मूळचा सुडो ग्रुप या वाटेने पाठवता येत नाही. प्रशासकांसाठी 5000 वगैरे क्रमांकाचा वेगळा ग्रुप करून त्याला सुडोअर्स या फाइलीत तशी परवानगी द्यावी. मला तर हे बंधन सोयीचेच वाटते.

शॅडोमधील हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपे) शक्यतो पाठवूच नयेत. लॉगिन एसएसएच कीने (पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्लीने) होत असेल तर त्या जागी तारांकन ठेवावे. उद्गारचिन्ह नको, कारण पॅम ही लॉगिन तपासणारी यंत्रणा बंद असल्यास ओपनएसएसएच हा लॉगिन देणारा प्रोग्राम असे खाते कुलूपबंद समजून की असूनही आत घेत नाही. हॅश नसले की फाइलीत लपवण्यासारखे फारसे उरत नाही, तिच्यात कोणी फेरफार केला नाही ना, एवढेच पाहावे लागते. तेव्हा फाइलींवर जीपीजी या प्रोग्रामने डिजिटल सही करावी आणि प्रत्येक सर्व्हरने त्या स्वतः ओढून घ्याव्यात, म्हणजे सगळ्या सर्व्हरांची रूट की एकाच ठिकाणी ठेवण्याची वेळ येत नाही.

आलेली फाइल आधी त्याच डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाने ठेवावी, सही पडताळावी, पीडब्ल्यूसीके हा या फाइली तपासणारा प्रोग्राम रीड-ओन्ली (काहीही न बदलणाऱ्या) पर्यायासह चालवावा, ओळी एकदम घटल्या असतील तर तिथेच थांबावे, आणि मगच एमव्ही या आज्ञेने नाव बदलावे. एकाच फाइलसिस्टमवर हा बदल अखंड होतो, त्यामुळे अर्धवट फाइल कोणत्याही प्रोग्रामच्या हाती लागत नाही. ग्रुपची फाइल आधी बदलावी, पासडब्ल्यूडी नंतर.

नोकरी सोडून गेलेल्याचा यूआयडी पुन्हा कोणाला देऊ नये, आणि यादीतून नाव काढल्याने त्याची चालू सत्रे बंद होत नाहीत. ती वेगळी संपवावी लागतात.