सासूबाईंसाठी मिस्सा ठेवतात म्हणून तुला राग येतो, त्याबद्दल

अगं, तू लिहिलंयस की तू हिंदू घरातली, लग्न करून वसईला कॅथलिक घरात आलीस, सासूबाईंनी लेकीसारखं सांभाळलं, त्या गेल्या आणि आता सासरे दर महिन्याला त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ठेवतात, 'पर्गेटरीतून लवकर सुटू दे' ऐकलं की तुझ्या पोटात कालवतं. एवढी देवमाणूस बाई आगीत कशाला जाईल? नवऱ्याला विचारायची हिंमत होत नाही.

तुझा राग मला पटतो, तो मायेपोटी आलाय. पण पर्गेटरी म्हणजे छोटा नरक नाही गं, मरणानंतर स्वर्गात जायच्या आधी माणूस शुद्ध होतो ती पायरी आहे. देवाच्या कृपेत गेलेल्या माणसाचं तारण पक्कं झालेलं असतं, तिथून नरकात कुणीच जात नाही, वाट एकच आणि ती स्वर्गाची. फक्त देवासमोर जायच्या आधी आत उरलेला हेवा, हट्ट, जुनी अढी धुवून निघावी लागते, आणि ती चांगल्यातल्या चांगल्या माणसातही थोडीफार राहतेच ना.

आगीची चित्रं खूप काढली गेलीत, त्यानेच सगळे घाबरतात. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने याबद्दल जो ठराव केला त्यात आगीचं नावही नाही, एवढंच की पर्गेटरी आहे आणि तिथल्या आत्म्यांना आपल्या प्रार्थनेची, मुख्य म्हणजे मिस्साची, मदत होते. १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितलं की ही जागा नव्हे, अवस्था आहे. आणि २००७ च्या 'स्पे साल्वी' या पत्रात पोप बेनेडिक्ट लिहितात की काही अलीकडचे धर्मपंडित ती आग म्हणजे खुद्द ख्रिस्तच मानतात, त्याच्या नजरेसमोर आपलं सगळं खोटं वितळून जातं, ते दुखतं, पण त्या दुखण्यातच सुटका आहे. मला हे फार खरं वाटतं.

मग सासरे मिस्सा ठेवतात तो सासूबाईंवर आरोप कसा होईल? बायको गेली तरी तिच्यासाठी अजून काहीतरी करता येतंय, याचाच त्यांना आधार असणार, तो काढून घेऊ नकोस.

नवऱ्याशी मात्र बोल, 'मला आईंची काळजी वाटते' असंच सांग, राग नंतर. २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो, घरचे कबरीवर फुलं-मेणबत्त्या घेऊन जातील तेव्हा तूही जा. मिस्सालाही खुशाल बस, फक्त कम्युनियन, म्हणजे तिथे देतात ती पवित्र भाकर, घ्यायचं नाही. प्रार्थना तुला येते तशी, तुझ्या शब्दांत कर, त्याला कुणाची ना नाही.