कोरड्या महिन्यांत वाहणारी पावसाळी गटारं

या वेळच्या पत्रांतली तीन पत्रं नदीच्या पाण्याबद्दल आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर काही शेजाऱ्यांबरोबर पुण्यातल्या रामनदीचं पाणी तपासते, त्यामुळे तो प्रश्न मला रोजचाच आहे.

प्रश्न : बाई, आम्ही बावधनच्या एका सोसायटीतली आठ-दहा मंडळी. हिवाळ्यापासून रविवारी सकाळी रामनदीच्या काठचं प्लास्टिक उचलतो. पोती भरतात, पण पाण्याचा वास आणि काळा रंग तसाच. आता काही जण म्हणतात, रीतसर संस्था नोंदवू म्हणजे महापालिका ऐकेल. संस्था काढावी का? नाहीतर सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, बावधन

उत्तर : प्लास्टिक उचलणं चालू ठेवा, पण तो वास प्लास्टिकचा नाही. नदीत मैलापाणी आलं की त्यातली घाण खाणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंची पाळी येते. ते पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्यांचा वास त्याचाच. हाच वायू गाळातल्या लोहाशी मिळाला की काळं लोह सल्फाइड बनतं. म्हणजे निदान तुमच्या नाकाडोळ्यांनी आधीच केलंय : तिथल्या पाण्यात प्राणवायू उरलेला नाही आणि वरच्या बाजूने कुठून तरी मैलापाणी येतंय. ते नेमकं कुठून येतं, हे शोधून लिहून ठेवणं हे तुमच्या गटाचं काम.

संस्थेचं म्हणाल तर नोंदणीला किमान सात सभासद, नियमावली, धर्मादाय आयुक्तांकडच्या फेऱ्या आणि पुढे दरवर्षीचा हिशेब लागतो. देणग्या घ्यायची वेळ आली की ते जरूर करा. आज मात्र सगळ्यांचा उत्साह त्या कागदांत खर्च करू नका. माहिती अधिकाराचा अर्ज तसाही नागरिक म्हणूनच करायचा असतो : दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांत. त्यासाठी लेटरहेड लागत नाही. अधिकाऱ्यांसमोर गट टिकतो तो त्याच्या नोंदींच्या वहीमुळे, असा माझा अनुभव आहे.

तर वही घाला. रामनदी भुकूमजवळ खाटपेवाडीच्या डोंगरात उगम पावते. भूगाव, बावधन करत पाषाण तलावात येते आणि तिथून सोमेश्वरवाडी, बाणेरवरून मुळेला मिळते. वीस किलोमीटरच्या आतली नदी आहे, एका रविवारी सगळी पाहून होते. एकदा तेवढी पाहाच, आणि उगमाकडून पाहा. वरचं पाणी बघितल्याशिवाय खालच्या पाण्याचं काय झालंय हे मनात उतरत नाही. मग चार-पाच ठिकाणं ठरवा : भूगावच्या वर एक, बावधनला शिरताना एक, पाषाण तलावाच्या आधी एक, तलावानंतर एक, मुळेच्या संगमाआधी एक. ठिकाणं बदलायची नाहीत आणि वेळही बदलायची नाही. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, रात्री तो वापरतात. त्यामुळे तलावातलं पाणी दुपारी तपासलं तर आकडा छान येतो आणि पहाटे तपासलं तर तळाला जातो. तुमचा पहिला आकडा दुपारचा आणि दुसरा पहाटेचा असेल, तर त्या दोन आकड्यांवरून काहीच ठरवता येणार नाही. आम्ही सकाळी सातची वेळ पाळतो.

विरघळलेला प्राणवायू मोजायचं किट प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतं. पद्धत विंकलरची, शंभर वर्षांहून जुनी आणि अजूनही विश्वासाची. काचेची बाटली पाण्याखाली धरून हळू भरायची, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, बूचही पाण्याखालीच लावायचं. त्यात आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कधर्मी आयोडाइड घालून बाटली उलटसुलट करायची. तपकिरी साका बसू लागला तर पाण्यात प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर नाही. पुढे सल्फ्युरिक आम्ल घातलं की पाणी पिवळं होतं, स्टार्चने निळं, आणि थायोसल्फेटचे थेंब मोजत निळा रंग गेला की आकडा मिळतो. पांढरा साका पहिल्यांदा पाहिलेली मुलं गप्प होतात. त्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही, त्यामुळे शाळेतल्या मुलांना ही पायरी दाखवाच. आम्ल मात्र मोठ्या माणसानेच हाताळायचं, हातमोजे घालून. आणि वापरलेली रसायनं नदीत न ओतता डब्यात परत आणायची.

आकडा कसा वाचायचा? पुण्याच्या उंचीवर, २५ अंश सेल्सिअसला, स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण पावणेआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार आंघोळीयोग्य नदीत तो किमान ५ हवा आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, ३ च्या वर जाता कामा नये. बीओडी प्रयोगशाळेतच तपासावा लागतो, त्यामुळे तो वर्षातून दोन-तीनदा केला तरी चालेल. किटचे पैसे जमेपर्यंत दगड उलटे करून बघा. वरच्या भागात दगडाखाली चतुराच्या आणि मेफ्लाय नावाच्या किड्याच्या अळ्या सापडतात. मैलापाणी मिसळलं की त्या जातात आणि गाळात लाल बारीक अळ्या वळवळताना दिसतात. कर्नल साइक्सने १८३९ साली टॉर खुद्री या महाशीर माशाचं वर्णन केलं, तो मासा पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतच मिळाला होता. स्वच्छ, वाहतं पाणी लागणारा मासा तो. आज त्याच पाण्यात प्रामुख्याने चिलापी तगून आहे. हे वाचून हळहळत बसू नका. आपल्या नद्यांत काय राहू शकतं याचा पुरावा म्हणून ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आता मैलापाण्याचा उगम शोधण्याची युक्ती, आणि या उत्तरातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. पावसाळी गटारं फक्त पावसाचं पाणी नदीत सोडण्यासाठी बांधलेली असतात. मार्च ते मे या काळात ती कोरडी हवीत. त्या दिवसांत सकाळी सात ते नऊ, म्हणजे घराघरांत आंघोळी-धुणी चालू असताना, काठाने चाला आणि ज्या पाइपातून पाणी येतंय तो प्रत्येक पाइप नोंदवा : फोटो, जागा, वेळ, रंग, वास, फेस. आरओ दुरुस्त करणाऱ्याच्या खिशात असतो तसा, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर जवळ ठेवा. खडकवासल्याचं नळाचं पाणी कमी आकडा दाखवतं, त्यामुळे वास नसलेल्या पाण्याचा आकडाही कमी आला तर फुटलेल्या जलवाहिनीचा संशय घ्या. मैलापाणी खूप जास्त दाखवतं; पण बोअरचं पाणीही जास्तच दाखवतं, म्हणून आकडा, वास आणि फेस तिन्ही एकत्र बघा. नदीत लागोपाठच्या दोन ठिकाणी आकडे एकदम बिघडले, तर त्या दोहोंच्या मधला काठ पायी पिंजून काढा. तापाचा तक्ता बघून डॉक्टर निदान करतात, तशी ही वही चार-सहा महिन्यांत बोलू लागते.

आणि सुरुवात स्वतःच्या आवारातून करा. तुमच्या सोसायटीचा मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प चालू आहे का? २००६च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते आणि त्या मंजुरीच्या अटींत असा प्रकल्प असतो. वीजबिल वाचवायला मैलापाण्यात हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवलेले मी पाहिले आहेत. पुढच्या सर्वसाधारण सभेत वीज मीटरची नोंद आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा अहवाल मागा. आपलं आवार नीट असेल तर शेजारच्या सोसायटीच्या अध्यक्षांशी बोलताना आवाज आपोआप ठाम होतो. बऱ्याचदा काम तिथेच, चहावर होतं. लगेच तक्रार केली तर मनं आखडतात.

नाही झालं तर कागद. भुकूम-भूगावकडचा पाइप असेल तर ग्रामपंचायत आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), शहराच्या हद्दीत असेल तर महापालिकेचा मलनिस्सारण विभाग. दोन्हीकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला प्रत. १९७४च्या जल कायद्याचं २४वं कलम नदीत प्रदूषित पाणी सोडायला मनाई करतं, त्याचा उल्लेख करा. एक लक्षात ठेवा : कायद्याच्या दृष्टीने पुरावा होतो तो २१व्या कलमाप्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने घेतलेला नमुना. तुमचा आकडा त्याची जागा घेत नाही. पण अधिकाऱ्याने कुठे आणि किती वाजता यायचं, हे तुमची वही सांगते. ‘नदीला वास येतो’ अशी तक्रार फाइलला लागते. ‘अमुक पुलाच्या खाली, डाव्या काठाला, पावसाळी गटाराच्या तोंडातून सकाळी साडेसात वाजता फेसाळ पाणी, सलग चार महिन्यांच्या नोंदी सोबत’ असं लिहिलं की उत्तर द्यावंच लागतं. केंद्रीय मंडळाच्या २०२२च्या अहवालात देशभरातले ३११ प्रदूषित नदीपट्टे आहेत, त्यांतले ५५ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. रामनदीसारख्या लहान नद्यांवर रोज लक्ष ठेवायला कुणाकडेच पुरेशी माणसं नाहीत. ती माणसं तुम्ही आहात.

प्रश्न : आमची शेतातली विहीर मुळा-मुठेपासून हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात पाण्याला वास येतो. घरचे म्हणतात, उकळून प्यायलं की झालं. खरं का?
— एक शेतकरी भगिनी, थेऊर परिसर

उत्तर : ताई, पुण्याने सोडलेलं पाणी तुमच्या दारावरून पुढे भीमेला जातं, म्हणून तुमचं पत्र आम्हा शहरातल्यांसाठी जास्त महत्त्वाचं आहे. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटल्यामुळे ते उलट वाढतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वांत जास्त, म्हणून बाळाचं दूध कालवायला हे पाणी मुळीच वापरू नका. वास येणाऱ्या दिवसांत पिण्यासाठी नळयोजनेचंच पाणी घ्या. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवलं जातं. तुमच्याकडे त्या कोण, हे ग्रामसेवकाला विचारा. पक्की तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली तिथूनच घ्या, भरल्यावर बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. अहवाल जपून ठेवा, शेजारच्या दोन-तीन विहिरींचाही करून घ्या. शहरातल्या गटांनी तुमचे आकडे आपल्या वहीत घेतले पाहिजेत, आणि आमच्या गटापुरतं ते मी करणार आहे.

प्रश्न : जलपर्णी काढली की नदी साफ झाली असं समजायचं का?
— एक वाचक, दापोडी

उत्तर : नाही. जलपर्णी वाढते ती मैलापाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर. ते येत राहिलं की काही आठवड्यांत पुन्हा पसरते. तरी काढायला हवीच, कारण तिच्या गालिच्याखाली उजेड जात नाही, प्राणवायू आणखी कमी होतो आणि डास वाढतात. काढायची ती फुलं यायच्या आत, कारण तिचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. आणि काढलेला ढीग काठावर सोडला तर पहिल्या मोठ्या पावसात तो परत पाण्यात जातो. तुमच्याकडच्या कामाच्या कंत्राटात ढीग किती दिवसांत उचलायचा आणि कुठे न्यायचा याची अट आहे का, एवढा एकच प्रश्न माहिती अधिकारात विचारा.